यंत्राचे तास आणि कागदाचे वर्ष

सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूचा बाह्य वर्तुळाकार रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा राजकालुव्यांवरील, म्हणजे मोठ्या पावसाळी नाल्यांवरील, अतिक्रमणांची चर्चा झाली. गाळ उपसणाऱ्या यंत्रांचा प्रश्नही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. अरुंद गल्लीत मोठा जेसीबी शिरत नाही. तेथे पुढे लोडर व मागे बॅकहो जोडलेला छोटा ट्रॅक्टरच चालतो. तो भाड्याने घेणे स्वस्त दिसते, परंतु मुसळधार पावसात सर्वांनाच तो एकदम हवा असतो. म्हणून यंत्र स्वतःचे असावे. मात्र खरेदी मंजूर होते, ग्रीससाठी सह्या गोळा कराव्या लागतात! बॅकहोच्या पिना व बुश यांना रोज ग्रीस हवे. तेल-फिल्टर तासमापकावर बदलायचे असतात, आर्थिक वर्षावर नव्हे. यासाठी उपअभियंत्याकडे स्थायी अग्रिम द्यावा आणि लेखापरीक्षणात लॉगबुकातील किलोमीटरऐवजी तास तपासावेत.