ओठ न मिटता

सरांच्या दशक्रियेला पोहोचलो तेव्हा प्रवचन सुरू झालं होतं. उजनीच्या पाण्याकाठी मंडप घातलेला, त्यात मावेनात इतकी माणसं बाहेर उन्हात उभी. कुणी निवृत्त मुख्याध्यापक, कुणी एसटीचा कंडक्टर, कुणी उसाला पाणी लावून तसाच आलेला. सगळे सरांचे विद्यार्थी.

इंदापूर तालुक्यातलं सरांचं जुनं गाव याच पाण्याखाली आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे चढत आलं आणि गावं उठली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. सर ते पाहायला जायचे. एकदा मलाही नेलं. चपला हातात घेऊन चिखलातून गेलो. खांबावर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे होते, बोलले काहीच नाहीत.

बारामतीच्या वर्गात मात्र त्यांना तास पुरायचा नाही, विशेषतः मोरोपंत शिकवताना. आम्हाला पंत नकोसे होते. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्म, पुढे बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीत, १७९४ साली निधन, एवढं परीक्षेपुरतं पाठ. लांबच लांब समास दिसले की आम्ही पान उलटायचो.

एके दिवशी सरांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला उठवलं. "ओठाला ओठ न लावता रामाची गोष्ट सांग." तो "रा" म्हणाला आणि अडकला. वर्ग हसला.

"हसू नका. पंतांनी हे केलंय. निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं नावच घेता येत नाही. आता सांगा, ही नुसती कारागिरी आहे?"

पंतांना कारागीर म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी सर आयुष्यभर भांडले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांच्या कवितेची बाजू मांडली, हे ते अभिमानाने सांगायचे. त्यांचा स्वतःचा दाखला मात्र घरातला असे. त्यांची आई गोधडी शिवताना टाका चुकला की उसवून पुन्हा घालायची. पांघरणाऱ्याला तो टाका कधी दिसणार नव्हता. "तिला कुणी कारागीर म्हणा बरं!" असं म्हणताना सर खरोखर चिडलेले असत. मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटलं, आजही पटतं.

केकावली ते वर्षाच्या शेवटी घेत, अगदी सावकाश. मयूरपंतांची केका, मोराने देवाला घातलेली साद. इथे पंतांनी आपली लाडकी आर्या सोडून पृथ्वी वृत्त घेतलं. सर टेबलावर बोटांनी लय धरत म्हणायचे. म्हणता म्हणता आवाज दाटून आला की वळून कोरा फळा पुसत राहायचे.

गेली तीन वर्षं मी त्यांना भेटलो नव्हतो. बारामतीवरून जाणं होई, पण पुढच्या खेपेला जाऊ म्हणत राहिलो. याची टोचणी आता जाणार नाही.

दशक्रियेला मला बोलायला उभं केलं. माइक हातात घेतला, सरांचं पूर्ण नाव घ्यायला गेलो, ते घशातच राहिलं. "सर" एवढंच बाहेर पडलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेवढंच. मागून एक आजोबा म्हणाले, "राहू द्या. आमाला कळलं."

पिंडाला कावळा लगेच शिवला. माणसं पांगल्यावर काकूंनी बोलावून घेतलं आणि पिशवीतून एक दोनशेपानी वही काढून दिली. "तुला द्यायला सांगितलं होतं."

वहीत सरांचं गाव आहे. कुणाचा वाडा कुठे, कोणत्या आडाचं पाणी गोड, पाराला किती पायऱ्या, घाटावर कपडे आपटायचा दगड कोणता, शेवटच्या दिवशी कुणी दाराची चौकट काढून बैलगाडीत घातली. अक्षर वर्गातल्या फळ्यावर असायचं तसंच, सुटं आणि टपोरं. निम्मी वही वाचून झाली. गावाचं नाव अजून कुठे आलेलं नाही.