लठ्ठ उंदरांना लागू पडलेली गोळी

नोव्हेंबर २००६ मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि द्राक्षाच्या सालीत सापडणाऱ्या रेस्व्हेराट्रॉलला एकाएकी भाव आला. त्यातला एक प्रयोग फ्रान्समधल्या योहान ओवर्क्स यांच्या गटाचा होता. त्यांनी उंदरांना भरपूर चरबीचा आहार दिला आणि त्यात हे द्रव्य मिसळून पंधरा आठवडे चारले. उंदीर फारसे लठ्ठ झाले नाहीत. पेशीत इंधन जाळण्याचे काम मायटोकॉन्ड्रिया करतात. त्यांची वाढ या उंदरांच्या स्नायूंत झाली. चालत्या पट्ट्यावर ते इतर उंदरांच्या जवळपास दुप्पट अंतर धावले. साहजिकच ‘व्यायामाची गोळी’ सापडल्याची हाकाटी झाली आणि ‘चरबी जाळणाऱ्या’ पूरक आहाराच्या डब्यांवर रेस्व्हेराट्रॉलचे नाव आजही दिसते.

आता मात्रा पाहा. त्या उंदरांना किलोमागे दिवसाला ४०० मिलिग्रॅम दिले जात होते. सरळ त्रैराशिक मांडले तर सत्तर किलोच्या माणसाला रोज २८ ग्रॅम घ्यावे लागतील. शरीराच्या पृष्ठभागावरून मात्रा ठरवण्याची औषधशास्त्रातली रूढ पद्धत वापरली, तरी सव्वादोन ग्रॅम होतात. दुसरा प्रयोग हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात मात्रा किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅम होती. ते उंदीर अधिक जगले, त्यांची तब्येतही सुधारली, पण वजन उतरले नाही. एकाच महिन्यात आलेल्या या दोन निष्कर्षांतला हा फरक बातम्यांत मात्र विरून गेला.

याहून मोठी अडचण पिंजऱ्यातच आहे. प्रयोगशाळेचे तापमान साधारण २० ते २२ अंश असते, ते माणसांना बरे वाटते. उंदराला मात्र तिशीच्या आसपासची ऊब लागते. म्हणजे तो बिचारा जन्मभर गारठ्यात असतो आणि खाल्लेल्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात घालवतो. अशा प्राण्याची ऊर्जा जाळण्याची क्षमता जराशी वाढली, तरी वजनावर परिणाम ठळक दिसतो. फ्रान्समधल्या प्रयोगात ऊब निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीवरही परिणाम झाला होता आणि ते उंदीर थंडी अधिक सोसू लागले होते. अंगात कपडे घालून उबेत वावरणाऱ्या माणसाकडून तसल्याच परिणामाची अपेक्षा का धरायची?

माणसांवरच्या प्रयोगांनी तर कोडे वाढवले. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये अकरा लठ्ठ पुरुषांना रोज १५० मिलिग्रॅम असे तीस दिवस देण्यात आले. स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाचे काम सुधारले, यकृतातली चरबी घटली, पण स्नायूंच्या पेशींतली चरबी उलट वाढली. ही वाढ वाईटच, असेही म्हणता येत नाही. लठ्ठ माणसाच्या स्नायूत साठलेली चरबी इन्सुलिनला दाद न देण्याशी जोडली जाते, तर कसलेल्या धावपटूच्या स्नायूत तितकीच चरबी असूनही त्याला इन्सुलिन उत्तम लागू होते. चरबी किती आहे यापेक्षा ती किती भराभर वापरली जाते, हे इथे महत्त्वाचे. ‘स्नायूंतली चरबी जाळते’ हा डब्यावरचा दावा म्हणूनच मला अपुरा वाटतो. पुढे २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये चोवीस लठ्ठ पुरुषांवर चाचणी झाली. गोळी मिळालेल्यांना दिवसाला १५०० मिलिग्रॅम, चार आठवडे. इन्सुलिनचा प्रतिसाद, ऊर्जेचा खर्च, शरीरातली चरबी, कशातही फरक पडला नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्याच वर्षीच्या कोपनहेगनमधल्या प्रयोगाची. पासष्टीच्या आसपासच्या पुरुषांनी आठ आठवडे कसून व्यायाम केला. काहींना रोज २५० मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल मिळाले, काहींना बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटाची दमदारी अधिक वाढली आणि रक्तदाबही त्यांचाच उतरला. या निष्कर्षावर वाद झाले आणि सहभागी मोजकेच होते, हे खरे. तरीही घाम गाळून कमावलेला लाभ गोळीने कमी होऊ शकतो, ही शक्यता डब्यावर कोणी छापत नाही. मधुमेह झाल्यावर पहाटे चालायला लागलेल्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली होती. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात दडलेली ही चरबी, चरबीयुक्त आहार देऊन काही आठवड्यांत फुगवलेल्या उंदरात कितपत दिसणार? तरी तोच उंदीर दाखवून आपल्याला गोळी विकली जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. रेस्व्हेराट्रॉल रक्त गोठण्याच्या क्रियेवर आणि यकृतात औषधे मोडणाऱ्या विकरांवरही परिणाम करू शकते.