सायकल ट्रॅक मोकळा ठेवा

पुण्याला सायकलींचं शहर म्हणण्याचे दिवस मागे पडले, पण सायकली गेलेल्या नाहीत. पेपर टाकणारी मुलं, सोसायट्यांचे वॉचमन, बांधकामावरचे मजूर आजही सायकलवरच कामाला जातात. ट्रॅक हवा तो आधी त्यांच्यासाठी. रविवारी सिंहगडाकडे निघणाऱ्या हौशी मंडळींचा नंबर नंतर.

सातारा आणि सोलापूर रस्त्यावर बीआरटीच्या बसमार्गाबरोबर सायकल ट्रॅक झाले, डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं सायकल आराखडाही मंजूर केला. पण ट्रॅकवरून सलग अर्धा किलोमीटर जाऊन बघा. कुठे विजेची डीपी, कुठे उखडलेले पेव्हर ब्लॉक, कुठे हँडल अडकेल इतके जवळजवळ ठोकलेले खांब. आणि चौक आला की ट्रॅकच संपतो. खरा धोका तर चौकातच असतो. डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या चालकाला अगदी खेटून असलेली सायकल दिसतच नाही. मग ‘ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत’ असा ठपका सायकलवाल्यांवर कशासाठी?

‘आधीच रस्ता अरुंद, त्यात यांना कुठून जागा द्यायची?’ असं पुष्कळजण विचारतात. कडेला लावलेली मोटार जवळजवळ दोन मीटर रस्ता खाते. तेवढ्यात एका दिशेचा ट्रॅक बसतो. ट्रॅक झाला की कोंडी सुटेल असं मी म्हणणार नाही. तुटक ट्रॅकनं तर काहीच साधत नाही. पण सलग, सुरक्षित वाट मिळाली आणि माणूस मोटार घरी ठेवून सायकलवर निघाला, तर सिग्नलच्या रांगेतली एक मोटार नक्की कमी होते.

नेदरलँड्सही पूर्वीपासून सायकलींचा देश नव्हता. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, सरकारच्या मागे लागले, तेव्हा रस्ते बदलू लागले.

आपल्या हातातलं आजपासून करता येईल. कितीही घाईत असलात तरी दुचाकी ट्रॅकवर घालू नका. ‘दोनच मिनिटं’ म्हणून तिथे गाडी लावू नका, तेवढ्यात एखादं पोर भर वाहतुकीत उतरतं. मोटार चालवणाऱ्यांनो, दार डाव्या हातानं उघडा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. सायकलवर असाल तर सिग्नलला बसच्या डाव्या बाजूला घुसू नका आणि अंधार पडला की मागचा लाल दिवा लावा.

महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. यंदा आपल्या भागातला एक तुटका चौक निवडा, त्याचे फोटो काढा, आणि ‘इथे ट्रॅक जोडून द्या’ एवढंच त्यासाठीच्या अर्जात लिहा. शेजारच्या दहा घरांनाही तोच चौक लिहायला सांगा.