दंतवैद्यकाचा प्रवेश : कागदांची मशागत आधी



ज्वारीचे बी कितीही चांगले असो, ओल उडून गेल्यावर पेरले तर उगवण साधत नाही. दंतवैद्यकाच्या प्रवेशाचेही तसेच आहे. मुलगी हुशार असली, पण वेळेला दाखला हाती नसला, तर मिळणारी जागा हातची जाते.

बी. डी. एस. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, पुढे एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर मिळतो. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. २०२५ साली या परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण होते. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. म्हणून अंदाजाने खुणा करू नयेत. प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते, पण पुढे कॉलेजात शिकवणे इंग्रजीतून असते, हे ध्यानात ठेवावे.

शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत महापालिकेचे नायरही आहे. आपल्या केगावला आहे ते खासगी. शासकीय कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून भरतात. त्यासाठी साधारणपणे दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. अक्कलकोटकडच्या पालकांनी मुलाला शेजारच्या कर्नाटकात शिकायला घालण्यापूर्वी याचा विचार करावा.

आता कागद. अधिवास व उत्पन्नाचा दाखला तहसीलमार्फत काढावा. मागासवर्गीयांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत द्यावा. त्याला महिने लागतात. ओ. बी. सी. मुलांना नॉन-क्रिमीलेअर दाखलाही लागतो. त्याच्या आठ लाखांच्या मर्यादेत शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. सर्व कागदांवरचे नाव एकसारखे आहे ना, तेही पाहावे.

खर्चाचे म्हणाल, तर २०२४-२५ पासून ओ. बी. सी., ई. डब्ल्यू. एस. व एस. ई. बी. सी. गटातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिकवणी फी व परीक्षा फी शासन भरते. खासगी कॉलेजातही ही सवलत आहे, मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा व अभिमत विद्यापीठे यात येत नाहीत. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे; त्याचा अर्ज महाडीबीटीवर करतात.

निकालानंतर कॉलेजांचा पसंतीक्रम घरच्यांनी मिळून भरावा. जे कॉलेज लिहिले नाही, ते फेरीत मिळत नाही. ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका आणि त्याच्या शब्दावर जमीन विकू नका. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा देता येते. विकलेला बागायती तुकडा मात्र सहसा परत मिळत नाही.

घरात कोणी अकरावी विज्ञानाला असेल, तर याच आठवड्यात तलाठ्याकडे व तहसीलला चौकशी करा.