मैदान कुणाच्या बापाचं?

१४ ऑक्टोबर २०२५. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. सिंगापूरनं आपल्याला २-१ नं हरवलं आणि २०२७ च्या आशिया कपाचा आपला रस्ता बंद झाला. चौदाव्या मिनिटाला छांगटेनं गोल मारला तेव्हा मी शेजारच्या अनोळखी गोंयकाराला कडकडून मिठी मारली. त्यानं मला जात विचारली नाही, मी त्याला धर्म विचारला नाही. मध्यांतराच्या जरा आधी बरोबरी झाली. पुढं दुसराही गोल आपल्यावर बसला. मग आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं न बघता आपापल्या वाटेनं गेलो.

दुसऱ्या दिवशी मांडवी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात, दारापाशी पेपर टाकून बसलो होतो. सोबत भाचा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, वाचतो, प्रश्न विचारतो. म्हणाला, "मामा, तू यांच्यावर एवढा जीव का टाकतोस? या टीमनं तुला काय दिलं? आणि या देशानं तरी आपल्याला काय दिलं?"

रत्नागिरी गेली तरी मला उत्तर सुचलं नाही. दोस्तहो, ते राहिलेलं उत्तर मी इथं मांडतोय. कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही, चळवळीतल्या निम्म्या पोरांचा आहे.

आधी हरल्याचा हिशेब. लपवायचं काय त्यात? २०२४ साली भारताच्या टीमनं ११ मॅच खेळल्या आणि एकही जिंकली नाही. कतारच्या आशिया कपात तीन मॅच, तिन्ही हरल्या, गोल शून्य. ज्यांना स्वतःच्या देशात धड मॅच भरवता येत नाही त्या अफगाणिस्ताननं आपल्याला गुवाहाटीत येऊन हरवलं. दोह्यात कतारविरुद्ध चेंडू रेषेबाहेर गेलेला सगळ्या जगानं पाहिला, एका रेफ्रीनं तेवढा पाहिला नाही, आणि गोल दिला. २०२५ च्या जूनमध्ये हाँगकाँगनं जादा वेळेतल्या पेनल्टीवर संपवलं. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशानं, तेही बावीस वर्षांनी. जागतिक क्रमवारीत आपण १४२ पर्यंत घसरलो. आणि त्याच नोव्हेंबरात दीडेक लाख वस्तीचा क्युरासाव नावाचा देश २०२६ च्या वर्ल्डकपला पात्र ठरला. दीड लाख! आपल्याकडं एका वॉर्डात एवढी माणसं मावतात.

आता हे असं का, विचारा. पांढरपेशा पंडित चष्मा पुसत सांगतो, "आपल्या रक्तातच नाही हो. शरीरयष्टी लागते." हे रक्ताचं गणित आम्हाला फार जुनं ओळखीचं आहे. कुणाच्या रक्तात विद्या नाही, कुणाच्या रक्तात शौर्य नाही, हे याच लोकांनी आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं. आणि जे लोक कुठलीही गोष्ट बिघडली की आरक्षणाकडं बोट दाखवतात, त्यांना मी विचारतो, फुटबॉलच्या टीममध्ये कुठं आहे आरक्षण? सगळं तुमचं मेरिटच ना? मग १४२ कसे?

रक्ताचं म्हणाल तर ऐका. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच मैदानावर ४-२ हरवलं, त्यात तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. मूळचा गोव्याचा, आपल्या मुंबईत टाटांकडून खेळणारा. १९६२ साली जकार्तात एशियाडच्या फायनलला सगळं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. समोर दक्षिण कोरिया. याच स्पर्धेत डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला कोचनं बचावातून काढून पुढं खेळवलं आणि त्यानं गोल केला. दुसरा पी. के. बॅनर्जींचा. २-१, सुवर्णपदक. तो कोच म्हणजे हैदराबादचा शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम. कॅन्सर झालेला माणूस, पुढच्याच वर्षी गेला. त्याच्यावर २०२४ साली सिनेमा निघाला. ज्या वर्षी पडद्यावर सोनं जिंकलं त्याच वर्षी मैदानात आपल्याला एक मॅच जिंकता आली नाही. आपल्याकडं मेलेल्या माणसाचा सत्कार करायला पैसा असतो, जिवंत पोराला बूट द्यायला नसतो.

बुटावरनं आठवलं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. कॅप्टन डॉ. टी. आओ, नागा माणूस. फ्रान्सशी २-१ हरलो, त्यातही दोन पेनल्टी चुकल्या. या अनवाणीपणाचं आजही कोण कौतुक! जसं काही ते फार मोठं तप होतं. पण बघा, अनवाणीपणाची गाणी गाणाऱ्याच्या पायात नेहमी बूट असतात. १९५० च्या वर्ल्डकपला आपण पात्र असून गेलो नाही, ते बूट घालायला लावले म्हणून, अशीही एक कहाणी सांगतात. खोटं आहे ते. तेव्हाच्या संघटनेनं दिलेली कारणं होती टीमच्या निवडीवरचं भांडण आणि सरावाला कमी वेळ. शिवाय साहेबलोकांना ऑलिंपिक मोठं वाटायचं, वर्ल्डकप काय चीज आहे हे कळलंच नव्हतं. म्हणजे निर्णय खुर्चीतल्यांनी चुकवला आणि खापर फुटलं खेळाडूंच्या उघड्या पायांवर. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं १०-१ नं धुतलं, तेव्हा कुठं बूट सक्तीचे झाले.

आता माझ्या वस्तीवर या. मुंबईत पाऊस लागला की क्रिकेटचं पीच बुडतं आणि फुटबॉल बाहेर निघतो. मी लहान असताना म्युन्सिपाल्टीच्या शाळेमागं एक मैदान होतं. मैदान कसलं, चिखल. दोन चपला इकडं, दोन तिकडं, झाला गोल. एका बॉलवर तीस पोरं. आधी तिथं कुणीतरी डेब्रिज टाकलं. मग गाड्या लागल्या. मग पत्रे लागले. पत्रे निघाले तेव्हा आत हिरवंगार टर्फ, वर जाळी, रात्रीचे दिवे आणि बाहेर दरपत्रक. तासाला हजाराच्या वर! आमची पोरं जाळीला नाक लावून बघतात. त्यांना हाकलणारा वॉचमनही आमच्याच वस्तीतला. हाकलताना तो पोरांच्या नजरेला नजर देत नाही.

कागदावर ती जागा अजून खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. गंमत बघा. आमच्या आरक्षणानं ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांना मैदानाचं आरक्षण गिळताना ढेकरही येत नाही.

वरही तोच कारभार. २०१० साली फेडरेशननं खेळाचे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना एका बड्या कंपनीच्या हाती दिले. २०१४ ला चकचकीत लीग निघाली. त्या लीगमध्ये कितीही हरा, खाली जायची भीती नव्हती. आणि खालच्या लीगमधल्या क्लबानं कितीही जिंकावं, २०२३ पर्यंत वर यायला वाटच नव्हती. केरळचा गोकुलम क्लब २०२१ आणि २०२२ असा लागोपाठ दोनदा खालची लीग जिंकला आणि तिथंच राहिला. वरचा कायम वर, खालचा कायम खाली, कर्तृत्वाचा संबंध नाही! ही रचना कुणाच्या डोक्यातून निघते हे आपल्याला निराळं सांगायला नको. २०२५ मध्ये करार संपत आला तशी लीगच लटकली, खेळाडूंचे पगार टांगणीला लागले. त्या अवस्थेत ही पोरं सिंगापूरशी, बांगलादेशाशी खेळायला उतरली होती. आणि आपण घरात बसून म्हणायचं, यांच्यात दम नाही.

आता भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. देशानं काय दिलं?

अरे, ही टीम आहे कुणाची? २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला. आपल्या २१ जणांत ८ पोरं एकट्या मणिपूरची. कॅप्टन अमरजीतची आई इंफाळात मासे विकायची. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, बाप रिक्षा चालवणारा. भारताचा वर्ल्डकपमधला पहिला गोल मणिपूरच्या जॅकसन सिंगनं केला. तेव्हा सगळ्या देशाला मणिपूर आपलं वाटलं. २०२३ मध्ये तेच मणिपूर जळायला लागलं तेव्हा हा देश चॅनेल बदलून बसला. २०२२ ला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या टीमची कॅप्टन होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी पोरगी. तिच्या नावानं गावात रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्यावर तिचेच आईबाप मजुरी करत होते! या देशाचं याहून खरं चित्र कुठल्या चित्रकारानं काढलंय?

म्हणून मी टीव्हीसमोर बसतो तेव्हा झेंडे विकणाऱ्यांच्या देशासाठी बसत नाही. मासेवालीचं, रिक्षावाल्याचं, मजुराचं लेकरू पळतंय आणि त्याला हाक मारायला कुणीतरी पाहिजे, म्हणून बसतो. १ जून २०१८ ला अंधेरीत भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, तेव्हा स्टेडियमात माणसं होती २५६९. त्यात मी एक. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीनं हात जोडून सांगितलं, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ तारखेला केनियाविरुद्ध पाऊस असून स्टेडियम भरलं. छेत्रीची ती शंभरावी मॅच. दोन गोल त्याचे, ३-० जिंकलो. पण भर पावसात एका कॅप्टनला माणसांची भीक मागावी लागली, हे मी विसरलेलो नाही.

आशा आहे का? आहे. २०२२ मध्ये बायकांचा आशिया कप आपल्या नवी मुंबईत, पुण्यात होता. यजमान आपण, आणि एका मॅचनंतर कोरोनानं टीमच उभी राहीना, स्पर्धा सोडावी लागली. त्याच बायकांनी ५ जुलै २०२५ ला थायलंडला त्यांच्या घरात २-१ हरवलं आणि पुढचा आशिया कप गाठला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून तिथं पोचणारी ही आपल्या बायकांची पहिली टीम. पुरुषांना दार बंद झालं त्याच्या तीनच महिने आधीची ही गोष्ट. किती जणांना माहीत होती? हात वर करा.

तेव्हा भाच्या, ऐक. टीमनं मला काय दिलं? साठ वर्षांच्या पराभवाचा हिशेब मांडायला शिकवलं. तो मांडला की उत्तर रक्तापाशी येत नाही, मैदानापाशी येतं. आणि मैदान हा आपला जुना प्रश्न आहे. पाणी कुणाचं, रस्ता कुणाचा, तसंच मैदान कुणाचं.

आपल्या संघटनेच्या प्रत्येक छावणीनं एक काम करावं. आपल्या वॉर्डात मैदानासाठी आरक्षित जागा किती, त्यातल्या किती मोकळ्या, कितींवर पत्रे, कितींवर दरपत्रक, याची यादी काढावी. माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये लागतात. भाषणापेक्षा स्वस्त.

आमच्या वॉर्डाचा अर्ज मी लिहून ठेवलाय. भाच्याला सांगितलंय, पुढची मॅच बघायला आला नाहीस तरी चालेल, सोमवारी वॉर्ड ऑफिसात ये. पोरांना घेऊन ये. आणि येताना बॉल आण.