माळ पडीक नसतो, राव!

चिंचोळी एमआयडीसीच्या कुंपणाबाहेर जरा माळ दिसला की लोक म्हणतात, पडीक हाय. पडीक म्हणलं की द्यायला मोकळं! मग पवन्या, कुसळी, मेंढरं, काळवीट, लांडगा हवेवर जगतात का?

1979 ला नान्नजचं माळढोक अभयारण्य आखलं, 8,496 चौ.किमी. गावंच्या गावं आत, खरेदी-विक्री अडली, लोक पाखरावरच चिडले. पुढं ते 1,222 वर आणलं.

परदेशात ट्रस्ट पैसे घालून जमिनी घेतात, लोकांना मोकळ्या ठेवतात. आपलं गायरान तर आधीच गावाचं. जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2011 लाच सांगितलंय, गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. मोजणी मागा, हद्दीचे दगड बसवा, ग्रामसभेत ठराव घ्या. पावसाळ्यात आळीपाळीनं चराई बंद ठेवा, पण धनगराची वाट बुजवू नका.