ट्यूबलाइटखालचे रसिक

गेल्या महिन्यात एका चकचकीत दुकानात एका पोरसवदा विक्रेत्याने मला काळा रंग दाखवला. "सर, हा खरा ब्लॅक. ओएलईडी आहे. प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो. एकदम नवीन टेक्नॉलॉजी." किंमत ऐकून माझ्याच डोळ्यांपुढे त्याहून अस्सल काळं आलं. मी म्हटलं, "अरे बाळा, ही नवीन टेक्नॉलॉजी माझ्या घरात २००९ पासून भिंतीवर आहे. प्लाझ्मा म्हणतात तिला." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दाराशी टांगा उभा करून आत आलोय.

त्या पोराचा दोष नाही. दोष त्याच्या गिऱ्हाइकांचा, म्हणजे आपला. आपल्याला टीव्ही विकत घेता येतो, बघता येत नाही.

जुन्या डबा टीव्हीबद्दल हल्ली लोक गळा काढतात, ते मला पटत नाही. मी त्याच्यापुढेच वाढलो. आमच्या एकवीस इंची खोक्याने शोकेसची अर्धी खोली गिळली होती, आणि दिवाळीच्या साफसफाईत तो हलवायला शेजारच्या काकांना हाक मारावी लागे. पिक्चर ट्यूब म्हणजे आतून निर्वात केलेला काचेचा भोपळा. पडदा मोठा हवा तर काच जाड करा आणि मागचं पोट वाढवा, दुसरा इलाज नाही. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळवून पडद्यावर फिरवायचा, म्हणून कोपऱ्यातल्या सरळ रेषा वाकायच्या. शाळेत असताना फुटक्या स्पीकरमधलं चुंबक मी पडद्याला लावून पाहिलं होतं. निवेदिकेच्या गालावर हिरवा-जांभळा डाग उठला तो चार दिवस हलेना. माझ्या गालावर उठलेला मात्र संध्याकाळपर्यंत गेला.

प्लाझ्मात झोतही नाही आणि भोपळाही नाही. काचेच्या दोन तावदानांमध्ये बारीक बारीक कप्पे, त्यांत निऑन आणि झेनॉनचं मिश्रण. वीज मिळाली की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या अस्तराचा लाल, हिरवा किंवा निळा लेप उजळतो. म्हणजे प्रत्येक कप्पा ही एक चिमुकली ट्यूबलाइटच. १०२४ बाय ७६८ च्या बेचाळीस इंची पडद्यात अशा २३ लाखांहून जास्त ट्यूबलाइटी. ही कल्पनाही आजकालची नाही. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी ती प्लेटो नावाच्या शिकवणाऱ्या संगणकासाठी काढली. तिचा रंगीत बेचाळीस इंची टीव्ही होऊन बाजारात यायला १९९७ उजाडलं.

आता एवढ्या करामतीच्या वस्तूचा आपल्याकडे कोणता गुण विकला गेला? "साहेब, भिंतीवर टांगता येतो." संपलं. कॅलेंडरही टांगता येतं. काळोखातला प्रसंग खरोखर काळोखा दिसतो, सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजीलाही तेच रंग दिसतात, फलंदाजाने कव्हरला मारलेला चेंडू शेपूट न सोडता सीमारेषेपर्यंत जातो, हे कोणी बोललं नाही. त्या काळचा एलसीडी इथेच नापास होता. त्याच्या पडद्यामागे दिवे कायम जळत असत आणि पुढचे स्फटिक तो उजेड अडवायची केविलवाणी धडपड करत. रात्रीचं आकाश हवं असलं तर मिळायचं शिळ्या राखेच्या रंगाचं.

तरी जिंकला एलसीडीच. कारण आपण टीव्ही निवडतो दुकानात, डोक्यावर पांढऱ्या दिव्यांचा मांडव असताना. तिथे जो सर्वांत भडक तो सर्वांत चांगला. प्लाझ्माच्या काचेत गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा दिसायचा आणि तो आवडत नसे, त्यात नवल नाही. मग कंपन्यांनी एलसीडीच्या मागचे दिवे बदलून एलईडीचे केले आणि अख्ख्या वस्तूचं नावच 'एलईडी टीव्ही' ठेवलं. छत्रीची दांडी बदलून तिला पॅराशूट म्हणावं, तसं. आपण माना डोलावल्या आणि एक्सचेंज ऑफर विचारली.

घरी आणल्यावर तरी काय दिवे लावले? दूरदर्शनचं हाय डेफिनिशन प्रक्षेपण आलं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. तोवर केबलवाल्याचं मुंग्या आलेलं चौकोनी चित्र आपण रुंद पडद्यावर ताणून बघत होतो. मालिकेतल्या सगळ्या सुना एका रात्रीत दुप्पट झाल्या, पण पडदा भरला पाहिजे! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं ना.

प्लाझ्मा साधुसंत होता असं मी म्हणत नाही. तो वीज खातो, उन्हाळ्यात त्याच्याजवळ बसलं की पाठ शेकते, आणि आमचं बेचाळीस इंची धूड भिंतीवर चढवताना मिस्त्रीने देवाचं नाव घेतलं होतं. शिवाय तो गोष्टी मनात धरतो. बाबा निवृत्त झाल्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी लावून बसत. आज पडदा निळा केला की खाली 'ब्रेकिंग न्यूज'ची पट्टी भुतासारखी दिसते. बातमी कुठली होती ते बाबांनाही आठवत नाही. पण चॅनेलचा शिक्का कोरला जायची ही खोड ओएलईडीलाही आहे, आणि ते त्या पोराने मला सांगितलं नाही.

पायोनियरने आपल्या प्लाझ्माचं नाव 'कुरो' ठेवलं होतं. जपानीत कुरो म्हणजे काळा. २००९ च्या फेब्रुवारीत त्यांनी टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही गाशा गुंडाळला. सर्वांत चांगला काळा रंग बनवणारा या चौघांत सर्वांत आधी गेला. आणि आता तोच गुण, 'प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो' म्हणून, आपण लाखभर मोजून पुन्हा विकत घेतोय.

त्या दुकानातून परतलो, त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी दिवाणखान्यातला दिवा बंद केला आणि एक जुना कृष्णधवल सिनेमा लावला. कंदिलाची वात आणि तिच्याभोवतीचा अंधार, दोन्ही जिथल्या तिथे. पाच मिनिटं झाली असतील. आई आतून आली, "अंधारात काय बसलायस रे, डोळे जातील," म्हणाली आणि ट्यूबलाइट लावली. काचेत मी, आई, पंखा आणि वाळत घातलेले दोन टॉवेल स्पष्ट दिसू लागले.